वाघाले डॉक्टर कायले पाहिजे?

उमरेड सोडून कऱ्हांडल्याच्या जंगलाकडं वळलं की धानाच्या बांध्या सुरू होतात. तिथल्या एका गावी वाघानं मारलेल्या गाईचा पंचनामा करायला मी गेलो होतो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या नोकरीची माझी शेवटची वर्षं. गाय धुऱ्यापलीकडं पळसाखाली पडली होती. नरड्यावर सुळ्यांची भोकं, खायला सुरुवात मागच्या पुठ्ठ्यापासून, कोठीपोट ओढून बाजूला ठेवलेलं. बिबट्या बहुधा पोटापासून फाडतो. हे काम वाघाचं होतं. मी टेप काढला, दोन सुळ्यांमधलं अंतर मोजलं, वनरक्षकानं ते लिहून घेतलं.

कुत्री आमच्या आधीच पोचली होती. चार. आम्ही गेल्यावर तीन बाजूला सरली, चौथं जागचं हललं नाही. डोळ्यांना पिवळी चिपडं, नाकातून शेंबूड, आणि डाव्या गालाचा स्नायू एका लयीत उडत होता, कुणी आतून टिचकी मारावी तसा. मांस चाटायचं, खोकायचं, पुन्हा चाटायचं. असा उडणारा गाल मी तीस वर्षांत बऱ्याचदा पाहिला होता. डिस्टेंपर.

गाईचे मालक, सत्तरीतले बाबाजी, शेजारी उकिडवे बसले होते.

“बाबाजी, हे कुत्रं बिमार दिसते.”

“असंल. मरते दोन-चार दरसाली.”

“रात्री वाघ याच गाईवर येईन ना?”

“येतेच. त्याचा माल हाये, सोडते का तो?”

“मंग या कुत्र्याचा रोग त्याले लागला तं?”

बाबाजी हसले. गाय गेल्याचं दुःख क्षणभर विसरून हसले. “डॉक्टरसाहेब, वाघाले डॉक्टर कायले पाहिजे? जंगलचा राजा तो. त्याचं तो पाहून घेते.”

नागपुरात वाघांवरच्या चर्चासत्रांना मी मागच्या रांगेत बसून असतो. बाबाजींचं हे वाक्य मला तिथंही भेटतं, फक्त कोट घालून. पूर्वपक्ष लंगडा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचं, याला खंडन म्हणत नाहीत. म्हणून आधी तो त्याच्या पुऱ्या ताकदीनं मांडतो.

रानातले प्राणी आजारी पडतात, मरतात, त्यांची जागा दुसरे घेतात. संवर्धन करायचं ते समूहाचं, एकेका वाघाचं नव्हे. जंगल राखा, चितळ-सांबर राखा, शिकारी थोपवा. वाघीण दोन-अडीच वर्षांनी तीन-चार बछडे देते, पुढचं ती बघेल. भारतातल्या व्याघ्रशास्त्राचे अध्वर्यू उल्लास कारंत (कन्नड साहित्यिक शिवराम कारंतांचे चिरंजीव) अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत की एका वाघाच्या जिवासाठी केलेली धावाधाव ही भावना झाली, संवर्धन नव्हे. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. प्रकल्पाचे पहिले संचालक कैलास संखला यांचं सूत्रच असं होतं की गाभ्यातल्या जंगलात आपण काही करायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला काही करू द्यायचं नाही. त्या सूत्रानं काय दिलं ते आकड्यांत पाहा. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते, २०१४ साली १९०, २०२२ साली ४४४. देशात याच काळात १,४११ वरून ३,६८२. यात पशुवैद्याचा हात कुठं होता? आणि हाताशी पैसा मोजकाच असेल तर तो वनरक्षकाच्या पगारावर घालायचा की परीक्षानळ्यांवर?

यातलं बरंच मला मान्य आहे. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री मारली गेली. तिची मादी बछडी पकडून पेंचमध्ये मोठ्या कुंपणात वाढवली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं. काही दिवसांतच तिथल्या दुसऱ्या वाघानं तिला फाडलं आणि ती नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात उपचार सुरू असताना मेली. माणसं मनापासून राबली होती. पण ज्या जंगलात प्रत्येक तुकड्याला मालक आहे तिथं नव्यानं आणून सोडलेल्या वाघिणीचं काय होणार, हे सांगायला कारंतांची गरज नव्हती. विदर्भात विषाणूंपेक्षा जास्त वाघ रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या जिवंत तारेनं मेले आहेत, हेही मी मान्य करतो. वनरक्षक की प्रयोगशाळा असं खरोखरच एकच निवडायचं असेल तर मी वनरक्षक निवडीन.

एवढं देऊन टाकल्यावर उरतं काय? माझ्या मते, सगळा वाद उरतो. कारण पूर्वपक्ष ज्याला वाघाचा डॉक्टर समजतो तो वाघाला सलाईन लावणारा डॉक्टर आहे. मी त्याच्याबद्दल बोलतच नाही. गावात पटकीची साथ आल्यावर ज्यानं विहिरीचं पाणी तपासलं, त्यानं एकाही रोग्याची नाडी धरली नव्हती. तरी तो डॉक्टरच होता.

आता संखलांच्या सूत्राकडं येऊ. १९७३ साली ते अगदी बरोबर होतं. वाघाचे वैरी तेव्हा बंदूक, कुऱ्हाड आणि चराई हे होते, आणि तिन्ही माणसाच्या हातात होते. माणूस बाहेर काढला की काम भागत होतं. पण त्या सूत्राला मिळालेल्या यशानंच त्याचा पाया काढून घेतला आहे. १०३चे ४४४ झाले ते काही ताडोबाच्या गाभ्यात एकावर एक रचलेले नाहीत. ते ब्रह्मपुरीत आहेत, सिंदेवाहीत आहेत, उमरेड-पवनीच्या झाडोऱ्यात, पांढरकवड्याच्या कपाशीत आहेत. टिपेश्वरचा तरुण नर २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तेलंगणाचा अदिलाबाद जिल्हा करून पुन्हा महाराष्ट्रात शिरला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. वाटेत त्यानं कोणत्या ढोरावर रात्र काढली, कोणत्या गावच्या कुत्र्यांनी त्याच्या उष्ट्यावर ताव मारला, याचा हिशेब करायचा तर निम्म्या विदर्भाची गावं मोजावी लागतील. या वाघाला ‘निसर्गावर सोपवा’ म्हणायचं तर तो निसर्ग सुरू कुठं होतो ते आधी दाखवावं लागेल. बाबाजींच्या धुऱ्याच्या अलीकडं की पलीकडं?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. संघर्षाच्या घटनांनंतर चंद्रपूरकडून आणलेले प्राणी होते ते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि नववर्षाच्या तोंडावर निदान आलं: एच५एन१, बर्ड फ्लू. बातमी वाचून शहराला धक्का बसला. नागपूर स्वतःला देशाची व्याघ्र-राजधानी म्हणवतं, आणि वाघ मेले कोंबड्यांच्या रोगानं!

ज्यांनी याआधीचा इतिहास वाचला होता त्यांना आश्चर्य वाटलं नसावं. ऑक्टोबर २००४ मध्ये थायलंडच्या श्रीराचा येथील व्याघ्रसंग्रहालयात ४४१ वाघ होते. त्यांतले १४७ या रोगानं मेले किंवा मारावे लागले. त्यांना कोंबड्यांचं कच्चं मांस घातलं जात होतं. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हिएतनाममधल्या दोन संग्रहालयांत मिळून ४७ वाघ गेले. त्यानंतर चारच महिन्यांत आपला नंबर लागला. गोरेवाड्यानंतर काही आठवड्यांत आपल्या सीमेलगतच्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांत हाच विषाणू सापडला, आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे टपाटप पडले तेव्हाही हाच. कावळा, कोंबडी, मांजर, वाघ. पाठ्यपुस्तकात यांची प्रकरणं वेगळी आहेत. विषाणू प्रकरणं वाचत नाही.

यावर पूर्वपक्षाचं उत्तर मला ठाऊक आहे: ते पिंजऱ्यातले वाघ होते, जंगलातला वाघ कोंबडीवाल्याकडं जात नाही. ठीक. पण मांजरांना आणि कावळ्यांना कुणी पिंजऱ्यात कोंडलं नव्हतं. आणि पिंजऱ्यातल्या मरणात एक सोय असते, ते दिसतं. पहारेकऱ्याला सकाळी कळतं की आज वाघ उठला नाही. रानातला आजारी वाघ कुठल्या तरी नाल्याच्या करवंदीत शिरतो आणि आठवड्यानं वासावरून सापडतो, तोवर विषाणूचं जे काही होतं ते किड्यांनी आणि उन्हानं पुसलेलं असतं. जंगलात रोग नाही असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर एवढंच म्हणत असतो की जंगलात रोग पाहायला कुणी वेळेवर पोचलं नाही.

पोचलं तरी आपण शोधतो काय? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक असा आहे की वाघाचा प्रत्येक मृत्यू, उलट सिद्ध होईपर्यंत, शिकार समजायचा. दंडक रास्तच आहे. वाघनखं आणि मिशांचा बाजार ज्यानं पाहिला तो त्याला विरोध करणार नाही. पण त्यामुळं शवविच्छेदनाच्या टेबलावर पहिला प्रश्न पोलिसाचा असतो, वैद्याचा नंतर. अवयव शाबूत आहेत का? गोळीचं भोक, फासाचा वळ, विजेचा चटका, आतड्यात विष? यांतलं काहीच नसलं आणि अंगावर दातांच्या खुणा असल्या की सकाळच्या पेपरात मथळा तयार असतो: ‘दोन वाघांच्या झुंजीत एक ठार’. झुंज हा आपला लाडका शब्द आहे. तो आला की सगळ्यांचं समाधान होतं, राजाला शोभेसं मरण आलं. पण दोघांतला एकच का हरला, हे त्या शब्दात नाही. हरलेला आधीच तापानं फणफणलेला होता का? त्याच्या मेंदूचा तुकडा कुणी सूक्ष्मदर्शकाखाली धरला का?

हा प्रश्न हवेतला नाही. रशियाच्या अतिपूर्वेला तेर्नेई नावाचं छोटं गाव आहे. संशोधकांना वर्षानुवर्षं माहीत असलेली, कॉलर लावलेली, गाल्या नावाची वाघीण २०१० साली त्या गावात येऊन रेंगाळू लागली. हाडं निघालेली. माणसं पाहून पळेना, गाड्यांचे हॉर्न ऐकून हलेना. शेवटी तिला गोळी घातली. तिच्या मेंदूत नंतर जे सापडलं ते कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू होता. भीती मेली होती ती रोगानं. आता विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात बसून हे वाचा. ‘वाघ बिनधास्त झाला, माणसाला घाबरत नाही’ ही तक्रार आपल्याकडं दर हंगामात येते. तसा वाघ धडधाकट असू शकतो. पिलावळीसह शेताच्या कडेला वाढलेल्या जवान वाघाला माणसाची भीती वाटण्याचं कारणच नसतं. तो आजारीही असू शकतो. गावात दोघंही सारखेच दिसतात. पण पुढचा निर्णय दोघांसाठी सारखा नसावा.

मला वाटतं, पूर्वपक्षाची सगळ्यात मोठी चूक इतिहासाची आहे. ‘वाघ वाढले त्यात पशुवैद्याचा हात कुठं होता?’ या प्रश्नाला एक शब्दाचं उत्तर आहे: बुळकांडी.

आजच्या तरुण पशुवैद्यांनी बुळकांडी पाहिलेली नाही, हे त्यांचं भाग्य. आमच्या आधीच्या पिढीनं पाहिली. जनावराला ताप, तोंडात कोंड्यासारखा थर आणि जखमा, मग पाण्यासारखी ढाळ, आणि आठ-दहा दिवसांत आखरच्या आखर रिकामं. हा रोग गाई-म्हशींपाशी थांबत नव्हता. गवा, सांबर, चितळ, रानडुक्कर, खुराच्या सगळ्या जनावरांत तो शिरत होता. १९६८ साली बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात त्यानं गव्यांचे कळप झोपवले. वाघाच्या ताटात दुसरं काय असतं? आफ्रिकेत सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली आणि जंगलातल्या विल्डबीस्टची संख्या साठच्या दशकातल्या अडीच लाखांवरून सत्तरच्या दशकाअखेर तेरा लाखांपर्यंत गेली. जंगलात कुणी सुई नेली नव्हती. सुई गोठ्यात होती.

भारतात ही लढाई जिथं सुरू झाली ते गाव आपलंच. १८८९ साली पुण्यात शाही जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा निघाली ती मुख्यतः बुळकांडीसाठी. चार वर्षांनी ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढं तिचीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुढं पुढं नेत मवाळ केला आणि १९२०च्या दशकात त्याची लस उभी राहिली. नंतर त्याहून चांगल्या लशी आल्या. पुढची सत्तर वर्षं देशभरातल्या पट्टीबंधकांनी, ड्रेसरांनी, सायकलच्या कॅरिअरला बर्फाचा डबा बांधून गावोगाव ती टोचली. बैल लाथ मारायचा, मालक शिव्या द्यायचा. शेवटची साथ १९९५ साली तमिळनाडूत झाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ साली सगळं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवा. महाराष्ट्राच्या वाघांची चढती कमान २००६ पासूनची आहे, आणि तिच्याखाली पसरलेली चितळ-सांबर-गव्यांची जी ताटली आहे तिच्यातून शतकभराचा हा मृत्यू दशकभरापूर्वीच काढून घेतला गेला होता. सगळं श्रेय बुळकांडीच्या लशीला द्या असं मी म्हणत नाही. पुनर्वसन, गस्त, निधी यांचा वाटा मोठा आहे. पण पशुवैद्याचा हात दिसत नाही म्हणणाऱ्यांनी तो चुकीच्या जागी शोधला. तो वाघाच्या अंगावर नव्हता. घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या-खुरकूत यांच्या लशी आजही जेव्हा जंगलकाठच्या आखरावर टोचल्या जातात तेव्हा कुठल्याही व्याघ्रनिधीच्या खात्यावर तो खर्च पडत नाही. बाबाजींच्या गाईला लस टोचणारा माणूस स्वतःला वाघाचा डॉक्टर समजत नाही, हे मात्र खरं.

आणि बुळकांडी गेली म्हणून ताटली कायमची सुरक्षित झाली असंही नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० साली ईशान्येतून देशात शिरला आणि जानेवारी २०२३ मध्ये मुदुमलाईत रानडुकरं मरू लागली. वाघाला तो रोग होत नाही. पण विदर्भात रानडुक्कर हा शेतकऱ्याचा शत्रू आणि वाघाचा नाश्ता आहे. रानडुकरं गेली तर शेतकरी पेढे वाटील. वाघ मात्र आखराकडं बघेल.

पूर्वपक्षाकडं अजून एक भक्कम मुद्दा आहे, आणि तो मला बराच काळ अडवून बसला होता. १९९४ साली सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे हजार सिंह गेले, म्हणजे तिथल्या सिंहांचा तिसरा हिस्सा. सिंह संपले का? काही वर्षांत पुन्हा भरून आले. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले, डिस्टेंपर आणि गोचिडांतून येणारा बबेसिया. तरी २०२०च्या मोजणीत गीरचे सिंह ६७४ निघाले, २०१५च्या ५२३ पेक्षा जास्तच. मग घाबरायचं कशाला?

गीरमध्ये निसर्गाला मोकळं सोडलं नव्हतं, ही पहिली गोष्ट. सिंह पकडून वेगळे ठेवले, अमेरिकेतून लस मागवली, तातडीनं टोचली. तो दाखला माझ्या बाजूचा आहे. दुसरी गोष्ट आकाराची. हजारो सिंहांतले हजार गेले तर उरलेले वंश चालवतात. पंचवीस वाघांतले किती जाऊन चालतील? मार्टिन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी रशियन वाघांवर हे गणित मांडलं: पंचवीसच्या समूहात डिस्टेंपर शिरला तर पन्नास वर्षांत तो समूह नामशेष होण्याची शक्यता दीडपटीहून जास्त होते. ताडोबा सोडला तर आपल्या आसपास काय आहे? वर्ध्याचा बोर, ज्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला त्याहून जेमतेम मोठं. सह्याद्री, जिथं आता कुठं ताडोब्याहून वाघिणी नेऊन सोडायला सुरुवात झाली. ४४४ हा आकडा एका वाड्याचा नाही, वेगवेगळ्या खोल्यांचा आहे, आणि काही खोल्यांत दोन-चार माणसंच राहतात.

लहान खोलीत दुसरं काय होतं ते ओडिशातल्या सिमिलिपालनं दाखवलं. हे जंगल त्या पहिल्या नऊंतलंच, मेळघाटाच्या बरोबरचं. संखलांचं सूत्र तिथंही लागू झालं होतं. तिथले वाघ काळे पडत गेले. पर्यटकांना अप्रूप, फोटो सुंदर. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या गटानं २०२१ साली कारण छापलं: एका जनुकातला बदल, आणि तो इतका पसरला कारण तिथले वाघ एकमेकांचे भाऊबंद आहेत, बाहेरून रक्त येतच नाही. २०२४च्या हिवाळ्यात ताडोब्याच्या जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडं पाठवाव्या लागल्या. झीनत तर झारखंड-बंगाल फिरून आली, बांकुड्यात बेशुद्ध करून परत न्यावी लागली. या सुनांची पाठवणी करण्याआधी त्यांच्या रक्तात काय आहे ते पाहणं, हे आपण लग्नाआधी पत्रिका पाहतो त्यापेक्षा नक्कीच जास्त उपयोगाचं आहे.

इथवर माझ्या बाजूचे लोक खूश असतील. आता थोडं त्यांच्याशीही भांडतो. वाघाच्या आरोग्याची कळकळ असणाऱ्यांत एक सोपा तोडगा फिरतो: गावच्या कुत्र्यांना लस टोचा, प्रश्न मिटला. राजस्थानात रणथंबोरभोवतीच्या कुत्र्यांचं रक्त तपासलं तेव्हा शंभरातल्या ८६ कुत्र्यांत डिस्टेंपरच्या प्रतिपिंडांची खूण सापडली होती. आपल्या सोलापूरच्या नान्नजला पुण्याचे पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे आणि अबी वनक यांनी माळरानावरची कुत्री आणि खोकड तपासली, तिथंही कुत्र्यांत हा विषाणू सर्रास फिरत होता. म्हणजे कुत्रा संशयित आहेच. पण गिल्बर्ट यांचाच २०२०चा शोधनिबंध सांगतो की रशियात वाघांना रोग देणारे मुख्यतः कुत्रे नव्हतेच. विषाणू रानातल्याच लहान शिकारी प्राण्यांत मुरला होता. तिथं गावचं प्रत्येक कुत्रं टोचलं असतं तरी वाघ वाचले नसते. उलट दरवर्षी दोनच वाघांना लस दिली तर पन्नास वर्षांत समूह संपण्याचा धोका १५.८ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर येतो, असं त्यांचं गणित.

रशियात माणसं विरळ, कुत्री विरळ. विदर्भात गावाला गाव लागलेलं. इथं उत्तर कदाचित कुत्राच निघेल, कदाचित कोल्हा, कदाचित उदमांजर. ते रक्त तपासूनच कळतं, व्लादिवोस्तोकहून उचलून आणता येत नाही आणि रणथंबोरहूनही नाही. माझा गाल उडणाऱ्या कुत्र्यावरचा संशय हा तीस वर्षांच्या अनुभवाचा आहे, पुराव्याचा नव्हे.

आणि हा पुरावा गोळा करायला वाघामागं बंदूक घेऊन धावावं लागत नाही. विष्ठेतून संप्रेरकं मोजता येतात. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातल्या गोविंदस्वामी उमापती यांच्या गटानं कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासून दाखवलं की पर्यटनाच्या हंगामात त्यांच्यातला ताण वाढतो. वाघाला कळलंही नाही. शिवाय विदर्भात संघर्षामुळं वाघ पकडले जातातच. झायलाझिन-केटामिनचा डार्ट लागतो, वाघ वाकडा होत बसतो, मग आडवा. डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधायचं, श्वास मोजायचा, ताप पाहायचा, उन्हाळा असेल तर अंगावर पाणी मारायचं. हाताशी अर्धा-पाऊण तास असतो. त्यात शेपटीच्या शिरेतून रक्त काढायला दोन मिनिटं जातात. ते रक्त त्याच दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरलं, सिरम गोठवून नाव-तारखेसह ठेवलं, तर दहा वर्षांनी कुणीही येऊन विचारू शकतं की हा विषाणू विदर्भात कधी आला. नागपुरात पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, वनखात्याचं मुख्यालय इथं, प्राधिकरणाचं विभागीय कार्यालय इथं. एका रिक्षाच्या भाड्यात सगळ्यांना गाठता येतं. परीक्षानळ्यांवर पैसा घालायचा की वनरक्षकावर, हा प्रश्न इथं उभाच राहत नाही. वनरक्षक तिथं आधीच उभा आहे, वाघाची शेपटी धरून.

धरमपेठेतल्या लॅब्राडोरला डिस्टेंपरची लस दरवर्षी टोचली जाते. ‘सेव्हन इन वन’ म्हणतात, लोक हौसेनं कार्डावर शिक्का मारून घेतात. उमरेडच्या पुढं गावात कुत्र्यांना लस आलीच तर पिसाळण्याची येते, तीही कुणी चावल्यावर.

त्या पळसाला वनरक्षकानं कॅमेरा बांधला होता, गाय कोणत्या वाघानं मारली ते ओळखायला. दोन दिवसांनी त्यानं मला मोबाइलवर फोटो दाखवले. सात वाजून चाळीस मिनिटं: कुत्रं, तेच, मान तिरपी. पावणेआठला तेच. अकरा वाजून गेल्यावर वाघ, जवान नर, तोंड बरोबर त्याच जागी जिथं कुत्रं चाटत होतं. पहाटे पुन्हा कुत्रं. वाघाचे तीन फोटो त्यानं वर पाठवले, अंगावरचे पट्टे जुळवून पाहायला. कुत्र्याचे माझ्यासमोरच पुसून टाकले. मेमरी भरते, म्हणाला.